खाडीतले चार तास : गरी, भरती आणि मासे

(परिसर अभ्यास. इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक ९. लेख मोठा आहे म्हणून तीन तक्त्यांवर चिकटवला आहे. डावीकडून वाचत यावे.)



आपला सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या पूर्वेला सह्याद्री आणि पश्चिमेला अरबी समुद्र आहे. डोंगरातून आलेल्या नद्या समुद्राला मिळण्याआधी रुंद होतात. भरतीच्या वेळी त्यांत समुद्राचे खारे पाणी शिरते. अशा जागेला खाडी म्हणतात. आपले गाव कर्ली नदीच्या खाडीकाठी आहे. खाडीच्या मुखाशी एका अंगाला देवबाग आणि दुसऱ्या अंगाला भोगवे. देवबाग म्हणजे वाळूची लांब पट्टी. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र.

आपल्याकडे पुष्कळ पाहुणे येतात. कोणी पुण्याचे, कोणी कोल्हापूरचे, कोणी बेळगावचे. ते सिंधुदुर्ग किल्ला बघतात, डॉल्फिन बघतात आणि मासे खातात. काही पाहुण्यांना मात्र मासा स्वतः पकडायचा असतो. त्यांना होडीतून खाडीत आणि मुखाजवळ चार तास फिरवून आणतात. माझे बाबा हे काम करतात. आजोबा आधी रापणीला जायचे. आता तेही कधी कधी बाबांच्या होडीत बसतात. मी या दोघांना विचारून आणि बाईंच्या मदतीने हा लेख लिहिला आहे.

१. गरवणे म्हणजे काय?

आपल्या बाई घाटावरच्या आहेत. त्यांना गरवणे हा शब्द माहीत नव्हता. म्हणून आधी तो सांगते. गरी म्हणजे मासे पकडायचा गळ. गरी टाकून मासे पकडणे म्हणजे गरवणे. जाळे टाकले की जे समोर येईल ते सगळे येते. लहान, मोठे, खायचे, न खायचे, खेकडे आणि कचरासुद्धा. गरीला मात्र एका वेळी एकच मासा लागतो आणि तो जिवंत वर येतो. म्हणजे तो ठेवायचा की सोडायचा हे आपल्या हातात राहते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

२. सामान काय लागते?

होडी : आमची होडी फायबरची आहे. मागे इंजिन आहे. चार पाहुणे, बाबा आणि एक मदतनीस एवढीच माणसे बसतात. प्रत्येकाला लाइफ जॅकेट.

काठी आणि रीळ : पाहुण्यांना काठी आणि रीळ देतात. आजोबा काठी घेत नाहीत. ते तंगूस नुसत्या बोटावर धरतात. मासा तोंड लावतो ते त्यांना बोटाला कळते.

गरी : दोन प्रकारची. एक सरळ वाकवलेली आणि एक वाटोळी. वाटोळ्या गरीचे टोक आत वळलेले असते. मासा ती गिळायला गेला तरी ती घशात रुतत नाही. सरकत येते आणि तोंडाच्या कोपऱ्यात अडकते. आमच्या होडीत आता वाटोळीच गरी वापरतात.

शिसे : गरी तळाला जावी म्हणून तंगुसाला शिशाचा तुकडा बांधतात. पाण्याला ओढ जास्त असेल तर शिसेही जड लागते.

आमिष : सुंगटा, तारलीचा तुकडा किंवा जिवंत बोय. बोय पाग टाकून पकडतात आणि पाण्याच्या बादलीत ठेवतात. काही पाहुणे स्वतःचे प्लॅस्टिकचे खोटे मासे आणतात. ते पाण्यातून ओढले की खऱ्या माशासारखे डुलतात. मोठा मासा फसतो.

३. निघायची वेळ कशी ठरवतात? (यात गणित आहे)

पाहुणे विचारतात, "सकाळी किती वाजता निघायचे?" बाबा आधी कॅलेंडरवर तिथी बघतात. कारण मासे घड्याळावर चालत नाहीत, पाण्यावर चालतात.

चंद्राच्या आणि सूर्याच्या ओढीने समुद्राला भरती-ओहोटी येते. दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे जाते. अमावास्येला आणि पौर्णिमेला पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी असतो. ती भांगाची भरती.

आजोबांकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. ते म्हणतात, "तिथीचा पाऊणपट कर, भरती गावतली." म्हणजे तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे. उत्तर येईल तेवढ्या वाजता पाणी भरते. बघा :

पंचमी : ५ × पाऊण = पावणेचार. भरती पावणेचारला.
अष्टमी : ८ × पाऊण = ६. भरती सहाला.
दशमी : १० × पाऊण = साडेसात.
द्वादशी : १२ × पाऊण = ९.
पौर्णिमा : १५ × पाऊण = सव्वाअकरा.

कृष्ण पक्षातही पुन्हा एकपासून मोजायचे. अमावास्येला १५ धरायचे. ही वेळ सकाळची आणि रात्रीची दोन्हीकडे चालते, थोडा पुढेमागे फरक पडतो. बाबा मोबाईलवर भरतीचा तक्ता बघतात आणि आजोबा बोटांवर मोजतात. दोघांची उत्तरे बहुतेक वेळा जवळजवळ येतात. ज्यांना पाऊणकी येत नाही त्यांनी चार भाग करून तीन घ्यावेत.

आता मासे कधी लागतात? पाणी वाहते असते तेव्हा. भरतीला लहान मासे पाण्याबरोबर कांदळवनात शिरतात. तिथे त्यांना खायला मिळते आणि मुळांत लपायला मिळते. ओहोटीला पाणी उतरू लागले की त्यांना बाहेर यावेच लागते. मग मोठे मासे व्हाळाच्या तोंडाशी वाट बघत थांबतात. जसे आपण मधल्या सुट्टीत आवळेवालीची वाट बघतो तसे. पूर्ण भरती झाली की पाणी थोडा वेळ उभे राहते. तेव्हा मासेही खात नाहीत. मग बाबा पाहुण्यांना चहा देतात.

वाराही बघावा लागतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तेव्हा पाणी शांत असते. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो आणि लाटा वाढतात. म्हणून बहुतेक फेऱ्या उजाडताना निघतात आणि ऊन तापायच्या आत परत येतात.

४. चार तासांत काय काय होते?

पहिला अर्धा तास धक्क्यावर जातो. बाबा लाइफ जॅकेट बांधून देतात आणि नियम सांगतात. काठी मागे फेकताना शेजाऱ्याचा डोळा सांभाळायचा. होडीत उभे राहून पळायचे नाही. प्लॅस्टिक आणि तुटलेला तंगूस पाण्यात टाकायचा नाही. तुटलेला तंगूस कुजत नाही. तो पक्ष्यांच्या पायांत आणि कासवांच्या मानेत अडकतो. आणि शेवटचा नियम मोजपट्टीचा. तो मी सातव्या भागात सांगणार आहे.

दुसरा टप्पा वाळूच्या उथळ पाण्याचा. इथे नवीन पाहुण्यांना लहान मासे लागतात आणि हात बसतो.

तिसरा टप्पा कांदळवनाच्या कडेचा. इथे होडी बांधून गप्प बसायचे. मोठ्याने बोलायचे नाही, फळीवर पाय आपटायचे नाहीत. होडीतला आवाज पाण्यात लांब जातो. सगळ्यात कठीण भाग हाच, कारण पाहुण्यांना गप्प बसवत नाही.

चौथा टप्पा मुखाजवळच्या खडकांचा. समुद्र शांत असेल तरच बाबा तिथे जातात. मग परत.

मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. तिकडे बाबा गरी टाकत नाहीत. पाहुण्यांनी कितीही सांगितले तरी नाही.

५. कोणते मासे लागतात?

(माशांची चित्रे आमच्या वर्गातल्या मुलांनी काढली आहेत. चोणकाचे शेपूट कागदाबाहेर गेले आहे, कारण चोणक मोठा आहे.)

मुडदुशी : सडपातळ, चांदीसारखी. वाळूच्या तळावर राहते. घाबरली की वाळूत घुसून बसते. गरीवर लहान सुंगटा लावला तरी लागते. नवीन माणसाने इथून सुरुवात करावी. चवीला तर विचारूच नका.

बांगडा : थव्याने फिरतो. पावसाळा संपला की किनाऱ्याजवळ येतो. एका तंगुसावर पाच-सहा लहान गऱ्या बांधल्या तर कधी कधी तीन-चार बांगडे एकदम लागतात. तेव्हा पाहुणे ओरडतात.

काळुंदर : चपटा आणि गोलसर, अंगावर पट्टे आणि मोत्यांसारखे ठिपके. आई आणि बाप दोघेही अंड्यांवर आणि पिल्लांवर पहारा करतात.

तांबोशी : तांब्याच्या रंगाची म्हणून हे नाव असावे असे आजोबा म्हणतात. लहानपणी ती खाडीत कांदळाच्या मुळांत राहते. मोठी झाली की खोल समुद्रातल्या खडकांकडे जाते. गरी लागली की सरळ मुळांत घुसते आणि तंगूस तोडते. तिला पहिल्या दोन हातांतच रोखावे लागते.

गोबरा : मोठ्या तोंडाचा, अंगावर ठिपके. खडकाच्या कपारीत राहतो. आमिष धरले की परत कपारीत शिरतो आणि आत फुगून बसतो. मग ओढून उपयोग नाही. तंगूस ढिला सोडून थांबायचे. त्याला वाटते धोका गेला. तो बाहेर येतो.

चोणक : खाडीचा राजा. याच्यासाठीच पाहुणे लांबून येतात. रायगडकडे याला जिताडा म्हणतात, बंगालमध्ये भेटकी म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. रायगडमध्ये खारजमिनीतल्या तळ्यांत जिताडा वाढवतात. हा दीड मीटरपर्यंत वाढू शकतो. जिवंत बोय दिसली की तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. त्याचा मोठा आवाज होतो. गरी लागली की पाण्याबाहेर उडी मारून डोके झटकतो. पुष्कळदा गरी तिथेच सुटते आणि पाहुणे बघत राहतात.

शिंगाळा : कोणाला नको असतो पण लागतो. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात. काटा लागला तर भयंकर ठणकते. पण त्याची एक गोष्ट ऐकून मला तो आवडू लागला. शिंगाळ्याची मादी अंडी घालते आणि बाप ती तोंडात घेतो. पिल्ले बाहेर येऊन पोहू लागेपर्यंत तो ती तोंडातच सांभाळतो. तेवढे दिवस तो काही खातसुद्धा नाही. म्हणून शिंगाळ्याच्या तोंडात अंडी दिसली तर त्याने ती खाल्ली असे समजू नका.

केंड : पाण्याबाहेर काढला की फुग्यासारखा फुगतो. दात मजबूत. तंगूस कुरतडतो. पोरे त्याच्याशी खेळतात, पण त्याच्या अंगात विष असते. केंड कधीही खायचा नाही. मांजरालाही घालायचा नाही.

वागळी : चपटी, पंख्यासारखी. शेपटीवर विषारी काटा. ती लागली तर बाबा होडीत घेत नाहीत. पाण्यातच तंगूस कापतात.

६. आई कोण आणि बाप कोण?

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. बाईंनी सांगितला तेव्हा वर्गात कोणाचाच विश्वास बसला नाही.

चोणक जन्मभर एकच राहत नाही. तो आधी नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की बाप होतो. पुढे साधारण सहा-सात वर्षांचा झाला, अंगाने मोठा झाला की बहुतेक नरांची मादी होते. म्हणजे लहान चोणक बाप आणि मोठा चोणक आई! गोबऱ्याचे बरोबर उलटे. तो आधी मादी असतो आणि मोठा झाला की नर होतो.

चोणक अंडी कुठे घालतो? खाडीच्या मुखाशी, पावसाळ्याच्या सुमारास, जिथे पाणी खारे असते तिथे. मोठी मादी एका वेळी लाखो अंडी घालते. अंड्यांतून आलेली बारीक पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात आणि कांदळवनात वाढतात. त्यातली फार थोडी जगतात. बाकीची दुसरे मासे खातात.

आता विचार करा. आपण लहान चोणक सगळे पकडले तर मोठे होणार कोण? आणि मोठे सगळे पकडले तर अंडी घालणार कोण? पापलेट, बांगडा यांत नर वेगळा आणि मादी वेगळी असते. चोणकात मात्र आजची आई हाच कालचा बाप. एका टोकाने तोडले की दुसरे टोकही तुटते.

आजोबांना हे पुस्तकातले माहीत नव्हते. पण ते आधीपासून म्हणतात, "बारको मासो सोड, खूप मोठो सोड, मधलो घरी हाड." बाईंनी हे वाक्य फळ्यावर लिहिले होते.

७. मोजपट्टीचा नियम

महाराष्ट्र सरकारने २०२३ साली सिल्वर पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले. त्याच वर्षी पन्नासपेक्षा जास्त जातींच्या माशांसाठी कमीत कमी किती लांबीचा मासा पकडावा हे ठरवून दिले. पापलेटसाठी ते माप १३५ मिलिमीटर आहे. म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. आपल्या कंपासमधली पट्टी १५ सेंटिमीटरची असते. पट्टीच्या टोकाला दीड सेंटिमीटर कमी, एवढे झाले. त्यापेक्षा लहान पापलेट बाजारात दिसले तर ते अजून मोठे व्हायचे होते असे समजा.

परदेशातही असे नियम आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर हौशी माणसाने ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा चोणक ठेवायचा नाही असा कायदा आहे. म्हणजे तिकडेही आजोबांचेच वाक्य आहे, फक्त त्यात आकडे घातले आहेत.

बाबांनी आमच्या होडीच्या फळीवर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा केल्या आहेत. ६० वर निळी रेघ. ९० वर लाल रेघ. चोणक निळ्या रेघेला पोचला नाही तर सोडायचा. लाल रेघेच्या पुढे गेला तरी सोडायचा. मधला असेल तर ठेवायचा, तोही एका फेरीत एकच. ही रेघ कायद्याची नाही, आमच्या घरातली आहे.

मासा मोजताना थुंकणीपासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात. मासा फळीवर सपाट ठेवायचा. फळी आधी पाण्याने ओली करायची.

८. मासा सोडायचा कसा?

नुसता पाण्यात फेकला की झाले असे नाही. त्याची रीत आहे.

(१) हात ओले करा. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो त्याचे रोगापासून रक्षण करतो. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरले की तो निघून जातो.
(२) मोठा मासा नुसता जबड्याला धरून उभा टांगू नका. एक हात पोटाखाली घ्या.
(३) कल्ल्यात बोट घालू नका. माशाचा श्वास तिथे असतो.
(४) फोटो काढायचा तर लवकर. बाबा म्हणतात, मासा पाण्याबाहेर असेपर्यंत तुम्हीही श्वास धरा. तुम्हाला घुसमटले की त्यालाही घुसमटले.
(५) गरी घशात गेली असेल तर ओढू नका. तंगूस जवळून कापा.
(६) सोडताना माशाचे तोंड वाहत्या पाण्याकडे करून हळू धरा. त्याने जोर केला की हात सोडा.

एवढे करूनही काही मासे जगत नाहीत. कल्ल्यातून फार रक्त येत असेल तर तो मासा वाचायचा नाही. तसा मधल्या मापाचा मासा असेल तर बाबा दुसरा पकडत नाहीत, तोच ठेवतात.

९. आमच्या घरातला प्रश्न

हा नियम आमच्या घरात सहज आला नाही. त्यावर भांडण झाले. ते मी आईला आणि बाबांना विचारूनच लिहिते.

गेल्या डिसेंबरात एका पाहुण्यांना फार मोठा चोणक लागला. वीस मिनिटे लागली वर आणायला. फळीवर मोजला तर १०४ सेंटिमीटर. बाबांनी नियम धक्क्यावरच सांगितला होता. पाहुणे थोडा वेळ गप्प झाले. मग त्यांनी फोटो काढला आणि मासा सोडला. घरी आल्यावर आई म्हणाली, "येवढो मासो बाजारात गेलो असतो तर इंजिनाचो हप्तो सुटलो असतो." आईचे खोटे नव्हते. हप्ता दर महिन्याला येतो. तो माशाला विचारून येत नाही.

जानेवारीत दुसरे पाहुणे आले. त्यांनी धक्क्यावर नियम ऐकला आणि म्हणाले, आम्ही पैसे देतो, मग मासा आमचा. बाबा नाही म्हणाले. ते दुसऱ्या होडीत गेले. त्या दिवशी आमची होडी बांधून राहिली आणि डिझेलपुरतेही पैसे आले नाहीत.

काका म्हणाले, "आपण सोडूचो आणि फुडच्या वळणार तो दुसऱ्याच्या जाळ्यात गावचो. मगे आपणाक काय गावला?" बाबा म्हणाले, "पाच सोडले तर पाचय जाळ्यात जातत काय?" काकांनी उत्तर दिले नाही. पण त्यांना पटले असे मला वाटत नाही.

आजोबांनी वेगळे सांगितले. त्यांच्या तरुणपणी याच व्हाळाच्या तोंडाशी एका ओहोटीला दोन-तीन मोठे चोणक दिसायचे. आता पाहुणे पाच-पाच फेऱ्या करतात तेव्हा कुठे एक लागतो. पाहुणे चोणकासाठी येतात. चोणक संपला तर पाहुणेही यायचे थांबतील. मग हप्ता कशातून भरायचा?

मी बाजू दोन्ही लिहिल्या. मला स्वतःला वाटते की एकट्या आमच्या होडीने नियम पाळून पुरणार नाही. पाहुणे शेजारच्या होडीत जातात, म्हणून नुकसान एकालाच होते. सगळ्या होड्यांवर निळी आणि लाल रेघ असली तर पाहुणे जाणार कुठे? मग नुकसान कोणाचेच होणार नाही. आपल्या वाडीत गरवायला नेणाऱ्या सहा होड्या आहेत. आतापर्यंत तीन होड्यांवर रेघा झाल्या आहेत. तीन राहिल्या आहेत.

१०. सावधगिरी

खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीचे पाणी बाहेर जाताना समोरून लाटा येतात तेव्हा तिथे पाणी फार उसळते. जाणत्या माणसाशिवाय तिथे होडी न्यायची नाही. मला बाबा खाडीच्या आतच नेतात, मुखावर नेत नाहीत.

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि पुष्कळ माशांचा अंडी घालायचा तोच काळ असतो. तेव्हा आमची होडी माडाखाली झाकून ठेवतात आणि बाबा जाळी विणतात.

गरी हाताला लागली तर उलटी ओढू नका. मोठ्या माणसाला सांगा, दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. शिंगाळ्याचा किंवा वागळीचा काटा लागला तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवतात आणि लगेच डॉक्टरकडे नेतात.

११. करून पहा

(अ) घरी आणलेला प्रत्येक मासा चिरण्याआधी पट्टीने मोजा. वहीत तारीख, तिथी, माशाचे नाव आणि लांबी लिहा. पोटात अंडी (गाभोळी) होती का तेही लिहा. महिन्याने सगळ्यांच्या वह्या एकत्र करू. कोणत्या महिन्यात कोणत्या माशाला गाभोळी असते ते आपल्यालाच कळेल.

(आ) आजची तिथी बघा. पाऊणपट करा. धक्क्यावर जाऊन पाणी कधी भरते ते बघा. किती मिनिटांचा फरक पडला?

१२. प्रश्न (उत्तरे खाली लावलेल्या कागदाच्या खिशात आहेत. आधी विचार करा, मग खिशात हात घाला.)

१. चतुर्थीला भरती किती वाजता?
२. आधी बाप आणि मग आई होतो तो कोण?
३. कोणता बाप पोरांसाठी उपाशी राहतो?
४. ७२ सेंटिमीटरचा चोणक आमच्या फळीवर कोणत्या दोन रेघांच्या मध्ये येईल? तो ठेवायचा की सोडायचा?

पालकांना विनंती

ज्यांच्या होडीवर अजून रेघा नाहीत त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर आपली फळी शाळेत घेऊन यावी. रंग बाईंनी आणला आहे. मीटरपट्टी शाळेची आहे. खुणा आम्ही चौथीची मुले करून देऊ. मोजण्यात आम्ही पक्के आहोत. फळी वाळायला रविवार पुरेल, सोमवारी पहाटे परत न्यावी.